घरच्या नावाची पेटी

माझ्या सासऱ्यांचा उजवा गुडघा दोन वर्षं शस्त्रक्रियेची वाट पाहत होता आणि ती होत नव्हती, याचं कारण आमच्या घरचं वायफाय होतं. हे मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा एक्स-रेकडे पाहिलं आणि पुढचं सगळं बोलणं एक्स-रेशी केलं.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. रेल्वेतून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, तंजावरचे मराठी. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी चेन्नईला आलेला. आमचं दोघांचं मराठी एकाच झाडाचं असलं तरी त्यांचं फार आधी तोडून इकडे लावलेलं आहे. पहिल्या भेटीत माझ्या काकांनी त्यांना विचारलं होतं, "आपण मूळचे कुठले?"

"तंजावर."

"नाही, त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीं मी नव्हतों," अप्पा म्हणाले आणि काकांना आणखी एक वाटी केसरी, म्हणजे इकडचा शिरा, वाढायला सांगितला.

अप्पांची एक थोरली बहीण आहे. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम कोइमतूर. त्यांचा सगळ्यांत मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी किरकोळ ऑपरेशनसाठी म्हणून इस्पितळात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ही दोघंच उरली आहेत, आणि रोज सकाळी साडेसहाला टॅबवर एकमेकांसमोर बसून दायकट्टम खेळतात. पितळेचे दोन लांबट फासे, चौकटींचा पट आणि सोंगट्या. 'दायम', म्हणजे एकाचं दान, पडल्याशिवाय सोंगटी घरातून बाहेर काढता येत नाही. पट दोघांकडे आपापला. अप्पा इथे फासे टाकतात, अक्का तिथे त्यांची सोंगटी हलवते, मग उलट. एक डाव आठवडाभरही चालतो. अप्पांना चांगलं दान पडलं की अक्का पडद्यातून म्हणते, "तंबी, दिसलं नाहीं. पुन्हां टाक." वाईट दान तिला नेहमी स्वच्छ दिसतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणारी आता ती एकटीच आहे. मला वाटतं, अप्पा निम्मे तेवढं ऐकायलाच बसतात.

हा खेळ एकदाच चुकला. पावसात आमच्या वेलचेरी भागात पाणी भरलं, आमच्या सोसायटीची वीज दोन दिवस गेली, फोन बंद पडले. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा कळलं की अक्का दोन दिवस टॅबसमोर बसून होती आणि पोटात फक्त ताक गेलं होतं. अप्पांनी त्या दिवसापासून घर सोडायचं नाही असं ठरवलं. दुसरीकडे कुठेही टॅब चालत नाही, असा त्यांचा अनुभव होता. एकदा लग्नाच्या हॉलमध्ये तिथलं वायफाय घ्यायला गेले तर पडद्यावर एक फॉर्म आला, त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं आणि टॅब चार दिवस मल्याळममध्ये बोलत राहिला. टॅब म्हणजे एकाच माणसाच्या हाताला दूध देणारी गाय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"माप्पिळ्ळे," ते मला म्हणत. तमिळमध्ये जावयाला असंच म्हणतात. "घरचं वायफाय उचलून नेतां येत असलं तर सांगा. मी उद्यां येतों."

इतर कुणीही हे बोलणं सोडून दिलं असतं. पण मी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे आणि माझा स्वभाव असा की कुणी 'होत नाही' म्हटलं की माझं डोकं तापतं. घरचं वायफाय उचलून नेता येतं, हे मला माहीत होतं. पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक मिळतो, सगळा एकाच हिरव्या पट्टीवर बसवलेला. त्याला एक जादा अँटेना लावली की एका बाजूने तो हॉटेलचं किंवा इस्पितळाचं वायफाय घेतो आणि दुसऱ्या बाजूने आपल्याला हव्या त्या नावाने पुन्हा सोडतो. नाव आणि पासवर्ड घरचेच ठेवले तर टॅबला आपण घर सोडल्याचं कळतही नाही. तो आपोआप जोडला जातो.

बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती बँकेत आहे, तिला रोज असली माणसं भेटतात. "तुझ्या फोनचं हॉटस्पॉट दिलं तर होणार नाही का?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला अजिबात आवडला नाही. पण पुढच्या तपासणीला इस्पितळात गेलो तेव्हा असं दिसलं की शस्त्रक्रियेच्या पेशंटांच्या मजल्यावर मोबाईलला रेंजच येत नाही. जिन्यातल्या खिडकीपाशी दोन कांड्या, खोलीत शून्य. आजारी माणसांच्या मजल्यावर रेंज नाही याचा इतका आनंद झालेला मी त्या इमारतीतला एकटाच असेन. अप्पांना मी शब्द दिला आणि त्यांनी शस्त्रक्रियेला होकार दिला. अट एकच होती. अक्काला कळता कामा नये. इस्पितळ हा शब्द ऐकला की ती जेवण सोडणार, आणि या वयात तिचं जेवण सुटलं तर गुडघ्यापेक्षा मोठं काहीतरी होऊन बसेल. खेळ चुकला तरी तेच. म्हणजे अप्पा घरातच आहेत असं चार दिवस अक्काला दिसायला हवं होतं आणि ते सगळं माझ्या त्या हिरव्या पट्टीवर येऊन पडलं होतं.

रिची स्ट्रीटवरून, म्हणजे चेन्नईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, सामान आणलं. रविवारच्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर बसून काम करू लागलो आणि घरचे पाटावर बसून जेवू लागले. संगणकाला घर हवं होतं. आधी मी तो कॉफीच्या स्टीलच्या डब्यात नीट स्क्रूने बसवला, झाकणाला सुबक भोक पाडलं आणि मग आठवलं की स्टीलमधून वायफाय बाहेर पडत नाही. बायकोने त्या भोकातून पलीकडे पाहिलं आणि डबा काही न बोलता फडताळात परत ठेवला. अजून तो तिथेच आहे, पाहुण्यांना दाखवायला.

शेवटी हिंगाचा प्लास्टिकचा डबा सापडला. मेहुणीच्या लग्नात स्वयंपाक्यासाठी आणलेला मोठा चौकोनी डबा. तीनदा धुतला, उन्हात ठेवला, लिंबू चोळलं. थंड असताना वास येत नव्हता. संगणक सुरू झाला, जरा गरम झाला की खोलीत कुणीतरी सांबाराला फोडणी देतंय असं वाटायचं. अप्पा म्हणाले, "घरचं वायफाय म्हणजे घरचा वास पाहिजेच."

मग तपासणी. इथे मी कुणाचं ऐकत नाही, कारण तपासणी माझा धंदा आहे. आठवडाभर रोज सकाळी साडेसहाला हिंगाची पेटी पॉवर बँकला जोडून टेबलावर ठेवली. टॅब आपोआप जोडला जाई, अक्का प्रकट होई, खेळ सुरू होई. पेटी मी बेडरूममध्ये ठेवून पाहिली, बाल्कनीत ठेवून पाहिली. सगळीकडे उत्तम. लिफ्टमध्ये नेली तिथे मात्र टॅबला काही मिळालं नाही. वहीत लिहिलं: लिफ्टचा दोष. खाली पार्किंगमध्येही मिळालं नाही. लिहिलं: काँक्रीटचा दोष. पानाखाली तारखेसह सही केली, कारखान्यात करतो तशी.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पांना भरती केलं. सामान बायकोने भरलं होतं. दायकट्टमचा पट, फासे, सोंगट्या. अप्पांचा रोजचा चौकड्यांचा शर्ट, सकाळी इस्पितळाच्या हिरव्या झग्यावर घालायला. आणि घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, रोज एक पान फाडायचं असतं ते जाडजूड तमिळ कॅलेंडर. घरी ते बरोबर अप्पांच्या डोक्यामागे असतं आणि अक्काला रोज दिसतं. पलंगामागच्या हुकाला आम्ही ते टांगलं. ही कल्पना बायकोची, आणि मला थोडा मत्सर वाटला हे कबूल करतो. संध्याकाळी मी पेटी लावली, हिरवा दिवा लागला, मी समाधानाने कँटीनमधली इडली खाल्ली. रात्री नर्सने अप्पांना सांगितलं की आता पाणीसुद्धा नाही.

सकाळी सहाला अप्पा कॉफीविना बसले होते, म्हणजे भडकलेले होते. आठ वाजता त्यांना आत नेणार होते. शर्ट चढवला, जेवणाचं चाकांचं टेबल पुढे घेतलं, त्यावर पट मांडला. कॅमेऱ्यात फक्त छाती, डोकं आणि कॅलेंडर येईल असा टॅब मी उशीला टेकवला. सहा पंचवीसला टॅब सुरू केला.

घरचं वायफाय नव्हतं. यादीत इस्पितळाचं होतं, शेजारच्या खोलीतल्या कुणाचं तरी होतं, आमचं नव्हतं. पेटीचा दिवा हिरवा होता, पेटी गरम होती, हिंगाचा वास सुटला होता. फक्त ती वायफाय देत नव्हती. मी बंद करून चालू केली. मग पुन्हा तेच केलं, या वेळी जरा रागाने.

"आठवडाभर तर चालत होती," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा घरचं वायफाय बंद करून बघितलं होतंस ना?"

घरच्या नावाची पेटी मी घरातच तपासली होती. दोघांचं नाव एक, पासवर्ड एक. टॅब आठवडाभर भिंतीवरच्या खऱ्या वायफायला जोडला जात होता आणि मी हिंगाच्या डब्याचं कौतुक करत होतो. लिफ्टने आणि पार्किंगने खरं सांगितलं, तर मी त्यांच्याच नावावर दोष लिहून सही केली. कारखान्यात कुणी शेजारच्या ट्रकचा ब्रेक दाबून या ट्रकचा पास केला असता तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

साडेसहा वाजले. अप्पा फासे हातात धरून टॅबच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. त्यांना गुडघ्याची भीती नव्हती. कोइमतूरला एक म्हातारी टॅबसमोर बसली असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली.

लॅपटॉप होता. पेटीला जोडायची केबल हवी होती. ती सापडेना. बॅग उलटी केली, कपाट पाहिलं, शेवटी बायको म्हणाली, "निळी का?" घरून आणलेल्या उशा तिने त्या केबलने बांधल्या होत्या. गाठ सोडायला दोघांचे दात लागले.

केबल जोडली आणि पेटीने एका ओळीत सगळं सांगितलं. देश ठरवलेला नाही, म्हणून वायफायचा रेडिओ बंद आहे. पहिल्याच रविवारी तिने मला विचारलं होतं की मी कुठल्या देशात आहे. कुठली लहर वापरायची याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात, म्हणून हे सांगितल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. मला ते पोस्टाच्या फॉर्मसारखं फालतू वाटलं होतं आणि मी 'नंतर' दाबलं होतं.

"काय झालं आहे?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही कुठले, असं विचारतेय ती. मी सांगितलं नव्हतं."

"मजला तर सगळेच विचारतात," अप्पा म्हणाले. "सांगून टाका. सांगितल्याशिवाय सोडत नाहींत."

मी भारत निवडलं. टॅबच्या यादीत आमच्या घरचं नाव उगवलं आणि टॅब स्वतःहून त्याला जाऊन चिकटला. पण घराच्या पलीकडे अजून जग नव्हतं. पेटीला इस्पितळाचं वायफाय हवं होतं आणि इस्पितळाला पेशंटचा नंबर आणि माझ्या फोनवर येणारा ओटीपी. ओटीपी येणार जिन्यातल्या खिडकीपाशी. टाकायचा होता खोलीत. मधे लांबलचक कॉरिडॉर. पहिल्यांदा मी धावत गेलो, आकडे वाचले, तोंडाने पुटपुटत धावत आलो तोवर पडदा म्हणाला की वेळ संपली.

दुसऱ्यांदा बायकोने माणसं उभी केली. मी जिन्यात. मधे लादी पुसणारी बाई, तिला बायकोने तमिळमध्ये दोन वाक्यांत काय सांगितलं देव जाणे, पण तिने फरशी पुसायचा दांडा बाजूला ठेवला आणि पदर खोचला. दारात बायको. पलंगावर लॅपटॉप घेऊन अप्पा. मी एकेक आकडा म्हणायचो, बाई तो तमिळमध्ये पुढे पाठवायची, बायको आत सांगायची, अप्पा एका बोटाने दाबायचे. रेल्वेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणून मगच दाबत होता. सहाव्या आकड्यानंतर खोलीतून टॅबची रोजची घंटी ऐकू आली. मी जिन्यातच पायरीवर बसलो. लादीवाल्या बाईने मला उठवलं, पायरी ओली होती.

मी खोलीत शिरलो तेव्हा सात वाजायला सात मिनिटं कमी होती. पडद्यावर अक्काचं कपाळ आणि एक डोळा होता. ती नेहमी अशीच बसते.

"उशीर," अक्का म्हणाली.

"करंट नव्हता," अप्पा म्हणाले.

"टाक."

खेळ सुरू झाला. नर्स बीपी घ्यायला आली, बायकोने तिला खुणेने खाली वाकवलं. तिने बिचारीने पलंगाखालून हात घालून पट्टा बांधला. जाताना हवेत वास घेऊन तिने हळूच विचारलं की पेशंट उपाशी आहे ना, मग सांबार कुणी आणलं. अप्पांची शेवटची सोंगटी घरात अडकली होती, दायम पडत नव्हतं. अक्काने दोन सोंगट्या पुढे नेल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मी भिंतीला टेकून मनात स्वतःला माफ करायला सुरुवात केली होती.

अप्पांनी फासे उचलले. अक्का म्हणाली, "तंबी, कोणता गुडघा?"

अप्पांचा हात तसाच राहिला.

"मागें कॅलेंडर बघ," अक्का म्हणाली. "कालचं पान आहे. सत्तर वर्षं झालीं, पान फाडल्याशिवाय तूं कॉफी पीत नाहींस. आज फाडलं नाहींस, कॉफीहि प्यालेला दिसत नाहींस. कोणता?"

"उजवा," अप्पा म्हणाले.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. कालची तारीख, ठळक लाल. तिघांपैकी एकालाही दिसली नव्हती.

"अक्का, तूं जेवशील ना?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"मजला कशास विचारतोस? गेल्या वर्षीं चार दिवस मी हॉस्पिटलांत होतें. छातींत पेसमेकर ठेवला. तुला कळलं कां? मी कॅलेंडर बरोबर नेलं होतं. पण रोज पान फाडलं."

अप्पा कसंबसं म्हणाले, "तिथें वायफाय?"

"नातीच्या फोनचं हॉटस्पॉट."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. हा तिचा मोठेपणा आहे आणि मी तो विसरणार नाही. मी हिंगाच्या डब्याकडे पाहिलं.

अप्पांनी फासे पुन्हा हातात घोळवले. अक्काने त्यांना थांबवलं. "आतां टाकूं नको. हें दान तुझं राहिलं. उद्यां टाक. उद्यां टाकलं नाहींस तर डाव माझा." आणि तिने फोन बंद केला. बंद करताना तिचा तो एक डोळा पडद्यावर अगदी जवळ आला आणि मला दिसलं की तिची नजर अप्पांच्या चेहऱ्यावर नव्हती, फाशांवर होती.

आत नेताना अप्पांनी मूठ उघडली नाही. नर्स म्हणाली, धातूचं काही आत चालत नाही. तेव्हा त्यांनी फासे माझ्या हातात ठेवले. गरम झाले होते. "तुम्हींच ठेवा, माप्पिळ्ळे. आणि तेवढं पान फाडा."

शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी पान फाडलं, मग पेटी लावली. जिन्यात मी, मधे लादीवाली बाई, दारात बायको, आता सगळ्यांना आपापली जागा माहीत होती. अप्पा औषधाच्या गुंगीत होते, डोळे अर्धे मिटलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. साडेसहाला अक्का आली. कुणी कुणाला तब्येत विचारली नाही.

अप्पांनी माझ्याकडे हात पसरला, मी फासे दिले. फासे पटाच्या मधोमध पडले, टॅबच्या अगदी समोर. दोन. काही उपयोगाचं दान नव्हतं, आणि कॅमेऱ्यात ते मलासुद्धा लख्ख दिसत होतं.

अक्का जरा वेळ पडद्यातून बघत राहिली.

"तंबी, दिसलं नाहीं," ती म्हणाली. "पुन्हां टाक."

अप्पांनी डोळे पूर्ण उघडले. "माप्पिळ्ळे, नेट बरोबर आहे कां?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांनी फासे उचलले.